एड्सला साथ दिली ती आपल्या भीतीनेच

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या पुतण्याला घेऊन दवाखान्यात आले. गावाचे नाव आणि ओळख पटेल अशा खुणा मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. पोरगा पंचविशीतला, बाहेरगावी कंपनीत कामाला. दीड महिन्यापासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरलेले. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला होता. गोळ्या कशा घ्यायच्या ते मी समजावून सांगितले आणि कागदावर आणखी एक तपासणी लिहिली, एचआयव्हीची. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाला ही तपासणी सुचवायची, असा सरकारी कार्यक्रमाचा नियमच आहे. त्यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नसतो. पण तो शब्द कानावर पडताच काका खुर्चीवरून उठले.

"डॉक्टरसाहेब, पोरगं चांगल्या घरचं हाये. आमच्यात असं काही नसते," असे म्हणून त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पुतण्याला घेऊन निघाले. पोरगा दारातून एकदा मागे वळून पाहत होता.

भारतात एचआयव्हीचा पत्ता लागला तो १९८६ साली. म्हणजे एक पिढी होऊन गेली. आज या आजारावर दिवसाला एक गोळी आहे आणि ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. तरी तपासणीचे नुसते नाव काढले की घरातली कर्ती माणसे उठून जातात. ही भीती आभाळातून पडलेली नाही. साथीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ती तयार झाली आणि तिला खतपाणी घालण्यात सरकार, समाज आणि आम्ही डॉक्टर, सगळ्यांचाच हात होता. त्या वर्षांत काय चुकले आणि काय कामी आले, ते आज सांगतो.

राखणदारावरच हल्ला

आधी रोग समजून घेऊ. १९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना एक दुर्मीळ प्रकारचा न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तो न्यूमोनिया धडधाकट माणसाला सहसा होत नाही. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी या आजारामागचा विषाणू शोधून काढला. त्यालाच पुढे एचआयव्ही हे नाव मिळाले.

हा विषाणू करतो काय? रानडुकरे शिरू नयेत म्हणून आपण शेतात रात्री जागल करतो. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी अशीच जागल करीत असतात. एचआयव्ही नेमका त्या जागल करणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. राखणदार कमी झाले की जे जंतू एरवी गप्प पडून असतात ते डोके वर काढतात. त्यात आपल्याकडे पहिला नंबर क्षयरोगाचा. म्हणूनच क्षयरोग्याची एचआयव्ही तपासणी महत्त्वाची.

मात्र हे सगळे एका दिवसात होत नाही. लागण झाल्यापासून एड्सची अवस्था येईपर्यंत, औषध घेतले नाही तर, साधारण आठ-दहा वर्षे जातात. एवढा काळ माणूस शेतात राबतो, लग्न करतो, त्याला मुले होतात. चेहरा पाहून कोणताही डॉक्टर ही लागण सांगू शकत नाही. ती सांगते फक्त रक्ताची तपासणी. आणि तपासणीला माणूस स्वतःच्या पायाने तेव्हाच येतो, जेव्हा रिपोर्ट चव्हाट्यावर जाणार नाही अशी त्याला खात्री असते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सगळा इतिहास समजतो.

मद्रासचे सहा नमुने

१९८५-८६ च्या सुमारास आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी, की हा परदेशातला रोग आहे, आपल्या संस्कृतीत त्याला जागा नाही. मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन यांना तसे वाटत नव्हते. या बाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. तपासणीची सोय मद्रासला नव्हती, म्हणून ते नमुने वेल्लोरला नेले. सहा नमुन्यांत एचआयव्ही सापडला. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्णही आढळला.

१९८७ साली सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पण सुरुवातीचा भर कशावर होता? बाधित कोण आहेत ते शोधून काढण्यावर. जणू गुन्हेगार पकडायचे होते. डॉ. सॉलोमन यांनी वेगळी वाट धरली. १९९३ साली त्यांनी मद्रासमध्ये वडिलांच्या नावाने केंद्र काढले. तेथे गुप्तता राखून तपासणी, सल्ला आणि उपचार मिळू लागले. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

म्हापशाचे ६४ दिवस

सक्तीने काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. डॉमिनिक डिसोझा हा तिथला एक तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पोलिसांकरवी बोलावून घेतले आणि म्हापसा येथे क्षयरोग्यांच्या जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने दुसऱ्यासाठी रक्त दिले होते.

त्याची आई लुसी डिसोझा न्यायालयात गेली. ६४ दिवसांनी तो बाहेर आला. मात्र अंतिम निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कायद्यातली ती तरतूद कायम ठेवली. डॉमिनिक गप्प बसला नाही. गोव्यातील बाधितांसाठी त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. १९९२ साली त्याचे निधन झाले.

वाचक विचारतील, साथीच्या रोगात रोग्याला वेगळे ठेवणे चूक कसे? आपल्या आजोबा-पणजोबांनी प्लेगमध्ये हेच पाहिले होते. बरोबर आहे, पण रोगारोगांत फरक असतो. गोवर हवेतून पसरतो. एचआयव्ही हवेतून, पाण्यातून, डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला. मग कोंडून काय साधते? ज्याचा रिपोर्ट हाती आला तो एक कोंडला जातो, आणि ते पाहून ज्यांची तपासणी व्हायची आहे असे शेकडो लोक लपून बसतात. विषाणूला याहून अधिक सोयीचे दुसरे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. जोनाथन मान त्या काळात जगभर हेच सांगत फिरत होते, की बाधितांशी भेदभाव केला तर साथ आटोक्यात येत नाही, ती वाढते.

माझ्या टेबलावरची चूक

गोव्याला नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. साल १९९५. मला दवाखाना टाकून दोनेक वर्षे झाली होती. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आपला वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. रक्ताचा नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागे आणि रिपोर्ट यायला दिवस लागत. तिशीतला एक ट्रकचालक माझ्याकडे येत असे. महिनोन्‌महिने जुलाब, तोंडात पांढरा थर, अंगाचा नुसता सापळा. मी नमुना पाठवला. रिपोर्ट न्यायला त्याचा थोरला भाऊ आला. मी त्याला आत बोलावले, दार लावले आणि सगळे सांगून टाकले.

त्या काळी आमची पद्धतच तशी होती. वाईट बातमी रोग्याला सांगायची नाही, घरातल्या कर्त्या माणसाला सांगायची. वर मी असेही म्हणालो, की त्याची भांडी आणि कपडे वेगळे ठेवा. या सल्ल्याला शास्त्राचा काडीचा आधार नव्हता. शेजारी बसून जेवल्याने हा रोग होत नाही हे तेव्हाही छापून आलेले होते आणि मी ते वाचले होते. पण खरे सांगायचे तर मीही घाबरलो होतो.

पंधरा दिवसांत गावभर बोभाटा झाला. त्याची खाट गोठ्यात गेली. बायकोची रवानगी दोन लेकरांसह माहेरी झाली. तो पुन्हा दवाखान्यात आला नाही. काही महिन्यांनी तो गेल्याचे कानावर आले. त्याच्या बायकोला काय सांगून पाठवले असेल? तिचे रक्त कोणी तपासले असेल का? धाकटे लेकरू तेव्हा अंगावर पीत होते. ज्या दोघांना सर्वात आधी कळायला हवे होते, त्याला आणि तिला, त्यांना मी काही बोललो नाही. ज्याला कळण्याची गरज नव्हती, त्याला पहिल्यांदा सांगितले. म्हापशात पहाऱ्याला पोलीस लागले. आमच्याकडे ते काम गावानेच केले आणि त्याची सुरुवात माझ्या टेबलावरून झाली.

मग कामी काय आले?

साथ आटोक्यात आली ती साध्या, पण चिकाटीच्या कामांनी. पहिले काम रक्ताचे. बाधित रक्त चढवले तर लागण जवळपास नक्कीच होते. १९८९ पासून टप्प्याटप्प्याने दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. तरीही पैशासाठी रक्त विकणारे होतेच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली.

दुसरे काम सुईचे. माझ्या वयाच्या वाचकांना काचेच्या पिचकाऱ्या आणि स्टोव्हवर उकळणारे स्टीलचे भांडे आठवत असेल. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली, की पुरेसे उकळण्याइतका दम कोणाला नसे. एकदाच वापरायची सुई आपल्या खेड्यापाड्यांत रुजली ती मुख्यतः एड्सच्या धास्तीने. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावण्याची सवयही त्याच वर्षांतली. धास्तीने केलेले हे एक बरे काम म्हणावे लागेल.

तिसरे काम सर्वात अवघड होते. नव्वदच्या दशकात मुंबईत वेश्याव्यवसायातील निम्म्याच्या आसपास स्त्रियांना लागण झाल्याचे आढळले होते. पोलिसांच्या धाडी घालून हा प्रश्न सुटणारा नव्हता. १९९२ पासून सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने निरोध वाटण्याचे आणि माहिती सांगण्याचे काम त्या स्त्रियांच्याच हाती दिले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे कसे, हे डॉक्टरपेक्षा त्याच एकमेकींना चांगले सांगू शकत. त्याच वर्षी कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी हाच मार्ग धरला. ज्यांना समाज रोगाचे मूळ समजत होता, त्यांनीच रोग अडवण्याचे काम केले.

चौथे काम न्यायालयाचे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका बाधित कामगाराचा खटला आला. त्याचे नाव जाहीर होऊ नये म्हणून निकालात त्याला फक्त 'एमएक्स' म्हटले आहे. माणूस काम करण्यास सक्षम असेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हापशाच्या निकालापासून इथपर्यंत यायला आठ वर्षे लागली.

आणि शेवटी औषध. परिणामकारक औषधे १९९६ पासून होती, पण पाश्चात्त्य कंपन्यांच्या गोळ्यांना माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च येई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभराचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

आजची स्थिती

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा, चार लाखांच्या जवळपास आहे. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या आहेत. २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध सुरू करतात, पूर्वीसारखी तब्येत ढासळण्याची वाट पाहत नाहीत. वेळेवर सुरू केलेले औषध नियमित घेणारा माणूस जवळपास इतरांइतकेच आयुष्य जगतो. रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत दिसेनासे झाले आणि तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बाधित आईला उपचार न मिळाल्यास १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते; उपचार मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते.

कायदाही बदलला. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही, नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारता येत नाहीत. मग बायकोला कळायला नको का, असे कोणी विचारील. कळायलाच हवे. त्यासाठी आधी रुग्णालाच समजावून, धीर देऊन सांगायला लावतात. तो सांगत नसेल आणि जोडीदाराला धोका असेल, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष सांगू शकतो. थोरल्या भावाला, सरपंचाला किंवा शेजाऱ्याला सांगण्याची मुभा नाही. १९९५ साली मी याच्या अगदी उलट केले होते.

हे लक्षात ठेवा

१. जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत व गुप्त होते. औषधाचे सोयीचे केंद्र कोणते, ते तेथील समुपदेशक सांगतात. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

२. लागण झाल्याबरोबर तपासणीत दिसेलच असे नाही. शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

३. वापरलेली सुई टोचली तर घाबरू नये. बाधित रक्ताच्या सुईतूनही लागण होण्याचा संभव हजारात साधारण तीन एवढाच असतो. जखम साबणाने धुवावी, पिळू नये आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. ७२ तासांच्या आत सुरू केलेले २८ दिवसांचे औषध लागण टाळू शकते.

४. प्रत्येक गरोदर बाईची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी.

५. औषध चालू असताना बरे वाटले म्हणून ते बंद करू नये.

आता सुरुवातीच्या त्या काका-पुतण्याकडे येतो. ते निघून गेल्यावर मला काकांचा राग आला होता. रात्री विचार करताना ध्यानात आले, की चूक माझीही होती. पंचविशीतला जाणता पोरगा समोर असताना मी त्याच्या तपासणीची गोष्ट त्याच्या काकांदेखत काढली. काकांना दोन मिनिटे बाहेर बसवले असते तर कदाचित कागद टेबलावर राहिला नसता. तीस वर्षांनंतरही जुनी सवय सुटत नाही.

आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, पोरगा एकटाच आला. गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिला. मग आत येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तो कागद द्या." मी नवा कागद लिहून दिला, कुठे जायचे ते सांगितले आणि जे काही निघेल त्यावर इलाज आहे, हेही सांगितले. तो तपासणी करून आला.

रिपोर्ट काय आला, ते मात्र मी इथे लिहिणार नाही. ती गोष्ट त्याची आहे.